हँडसायकलला हब मोटर बसवायची आहे : आमच्या चढावर पुढचं चाक रस्ता धरेल का?

चढता_रस्ता

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

२०१३ मध्ये अपघातात मणक्याला इजा झाली, टी-१० (छातीमागचा दहावा मणका) पातळीवर. तेव्हापासून व्हीलचेअर. गेली चार वर्षं खुर्चीला पुढून जोडायची हँडसायकल वापरतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : पुढे एक १६ इंची चाक, वर छातीसमोर हाताने फिरवायचे पायडल, तिथून चेन खाली चाकाला. दोन क्लॅम्प खुर्चीच्या नळ्यांना आवळले की खुर्चीची पुढची छोटी चाकं जमिनीपासून दोन-अडीच इंच उचलली जातात आणि खुर्चीची तीनचाकी होते. ही जोडणी मिळाल्यापासून मी कुणाला 'जरा ढकलता का' असं विचारलेलं नाही. तिची किंमत मला कशातच मोजता येत नाही.

घर राजवाड्याच्या वरच्या अंगाला, ऑफिस पोवई नाक्याला. साताऱ्याच्या माणसाला एवढ्यावरच कळलं असेल. सकाळी उतार, संध्याकाळी चढ. मोठा रस्ता कसाबसा जमतो, पण शेवटचा आमचा बोळ मोबाईलवर मोजला तर ८ टक्के भरला, म्हणजे १०० मीटरला ८ मीटर चढ. गेल्या वर्षभरात उजवा खांदा धरलाय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पाय नाहीत तेव्हा खांदे हेच पाय, ते घालवून चालणार नाही.

३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) बसवावी असं मनात आहे. सध्याच्या चाकात सात गियरचा हब आहे आणि उलटं पायडल मारलं की लागणारा ब्रेक त्यातच आहे. शिवाय रिमवर एक व्ही-ब्रेक. कुणी असं काम केलंय का? कुठली मोटर घ्यावी? आणि मुख्य भीती ही की चढावर पुढचं चाक जागच्या जागी फिरत बसेल का?

पाना_पक्कड

फोटो टाका आधी. चिमट्याचा (चाक धरणाऱ्या फोर्कचा) आणि चाकाच्या दोन्ही बाजूंचा.

चढता_रस्ता

टाकले. चिमट्याच्या दोन पात्यांमधलं आतलं अंतर १३५ मिलिमीटर आहे.

पाना_पक्कड

बघितले. चिमटा लोखंडी आहे, हे फार बरं झालं.

आता पहिली गोष्ट. दुकानात जाऊन 'पुढच्या चाकाची मोटर' मागू नका. तुमचं चाक पुढे असलं तरी त्याला चेन येते, म्हणजे कामाने ते सायकलचं मागचंच चाक आहे. पुढच्या मोटरची रुंदी १०० मिलिमीटर असते आणि तिला फ्रीव्हील (चेनचं दातेरी चक्र) बसवायला आटेच नसतात. तुम्हाला मागच्या चाकाची, १३५ मिलिमीटरची, फ्रीव्हीलचे आटे असलेली मोटर लागेल. ही चूक मी दोन गिऱ्हाइकांकडे पाहिली आहे. मोटर घरात येऊन पडते आणि मग चेन काढून टाकायची वेळ येते.

दुसरी गोष्ट. मोटर आली की तुमचा सात गियरचा हब गेला आणि त्याबरोबर उलट्या पायडलचा ब्रेकही गेला. तुम्ही रोज सकाळी उतार उतरता. तेव्हा मोटरच्या आधी ब्रेकचं ठरवा. चिमट्याला डाव्या बाजूला डिस्क ब्रेक अडकवायला कान वेल्ड करून घ्या, १६० मिलिमीटरची डिस्क बसेल. व्ही-ब्रेक दुसरा म्हणून राहू द्या. एका ब्रेकवर उतार उतरायचा नाही.

तळकोकणी

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

गणितवेडी

पुढचं चाक रस्ता धरेल का, हा प्रश्न अंदाजाने सोडवू नका. मोजून सोडवा.

घरातला वजनकाटा हँडसायकलच्या चाकाखाली ठेवा. काट्याच्या उंचीच्या फळ्या खुर्चीच्या दोन्ही मोठ्या चाकांखाली ठेवा, म्हणजे सगळं एका पातळीत येईल. नेहमीसारखे बसा, हात पायडलवर ठेवा आणि काटा वाचायला कुणाला तरी सांगा. मग सगळ्याचं मिळून वजन काढा. हे दोन आकडे आणि मोठ्या चाकाच्या आसापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर इथे लिहा.

निळी_फाईल

एवढा खटाटोप कशाला? तयार मिळतात की. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनची निओबोल्ट २०२१ पासून बाजारात आहे. खुर्चीला पुढून जोडायची, ताशी २५ किलोमीटर, एका चार्जवर २५ किलोमीटरपर्यंत जाते. शिवाय दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून, अलिम्को या सरकारी कंपनीची मोटर असलेली तीनचाकीही मिळते. ८० टक्के दिव्यांगत्व आणि वय १६ च्या पुढे लागतं. अर्ज करून बघा.

चढता_रस्ता

@निळी_फाईल, मनापासून धन्यवाद. निओबोल्ट पाहिली आहे, चांगली वाटली, माझा एक मित्र तिच्यावर रोज कामाला जातो. पण ती त्यांच्याच निओफ्लाय खुर्चीला जोडायची वस्तू आहे आणि माझी खुर्ची माझ्या मापाने बनवून घेतलेली आहे. बसण्याची जखम एकदा होऊन गेल्यावर खुर्ची आणि गादी बदलायची मला भीती वाटते. तीनचाकी आमच्या बोळातून दारापर्यंत येईल, पण दारातून आत येणार नाही. जोडणीचं तसं नाही, ऑफिसच्या दारात सोडली की मी माझ्याच खुर्चीत आत जातो.

आणि एक गोष्ट. मला हात चालवायचेच आहेत. रोजची ती अर्धा तास घाम काढणारी फेरी माझी आहे. फक्त शेवटचा बोळ खांद्यावर येतो.

@गणितवेडी, एकूण १०८ किलो (मी ७२, बाकी खुर्ची, जोडणी, पिशवी). पुढच्या चाकावर २७. अंतर ९५ सेंटिमीटर.

हातांची_सायकल

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी हँडसायकलवर शर्यती करतो. अथेन्स २००४ पासून हा पॅरालिंपिकमधला खेळ आहे. मोटरकडे वळण्याआधी गियर खाली आणा. तुमच्या हबचा पहिला गियर आणि पुढचा दातेरी चक्का लहान केला तर ८ टक्के चढ ताशी ३ किलोमीटरने सहज चढता येतो. मोटर आली की हात आधी बोळात थांबतात, मग मोठ्या रस्त्यावर थांबतात आणि दोन वर्षांनी पायडल नुसते हात ठेवायला उरतात. मी हे जवळून पाहिलंय.

फिजिओताई

@हातांची_सायकल, तुमचा मुद्दा तब्येतीने धडधाकट खांद्यासाठी बरोबर आहे. इथे रात्री कुशीवर झोपता येत नाही असं ते लिहितायत. तो खांदा आज वाचवायचा आहे.

मी मणक्याच्या रुग्णांबरोबर काम करते. व्हीलचेअरवरच्या माणसाचा खांदा दिवसभर कुठे कुठे वापरला जातो बघा : पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, गाडीत, आणि बसल्याजागी अंग उचलून कुल्ल्यांवरचा दाब कमी करताना. हे कुठलंच काम मोटर करून देणार नाही. म्हणून जे काम दुसऱ्या कशावर ढकलता येतं ते ढकलायचं. खुर्चीची रिंग ढकलणं हे तर शरीराला फारच महागात पडणारं काम. खर्ची पडलेल्या ताकदीतला जेमतेम दहावा हिस्सा चाकाला मिळतो. हाताचे पायडल त्यापेक्षा खूप बरे, कारण जोर सलग लागतो आणि दोन्ही हात एकदम ओढतात-ढकलतात. त्यामुळे हँडसायकल सोडू नका.

पण मोटरआधी एक तपासा. पायडलचा मधला आस खांद्याच्या खालीच हवा. पायडल सगळ्यात वर येतो तेव्हा हात खांद्याच्या वर जात असेल तर दुखणं तिथून आहे. आणि पायडल सगळ्यात लांब असताना कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. हात पूर्ण ताणला जात असेल तर जोडणी जवळ घ्या.

टी-६ च्या वर इजा असलेल्यांसाठी आणखी एक : घाम नीट येत नाही, अंग तापतं. उन्हात चढावर जोर लावणं अशांना धोक्याचं. त्यांच्यासाठी मोटर ही गरज आहे.

हातांची_सायकल

@फिजिओताई, मान्य. शर्यतीच्या डोक्याने बोललो. चढता_रस्ता, तेवढी पायडलची उंची खरंच बघा, मलाही तीन वर्षांनी कळलं होतं.

गणितवेडी

आकडे आले, आता मांडते. (कंटाळा येणाऱ्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.)

१०८ पैकी २७, म्हणजे सपाटीवर पुढच्या चाकावर एकूण वजनाचा २५ टक्के भार. चढावर भार मागे सरकतो. तुमचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटर धरला, आसांतलं अंतर ९५, तर ८ टक्के चढावर साडेपाच टक्के भार मागे गेला. पुढे उरला १९.५ टक्के, म्हणजे २१ किलो. चढायला किती रेटा लागतो? ८ टक्के चढाचा आणि दीड टक्का टायरच्या घर्षणाचा, मिळून साडेनऊ टक्के, म्हणजे सव्वादहा किलोचा. हा सगळा रेटा एकट्या पुढच्या चाकाने द्यायचा. २१ किलो दाबावर सव्वादहा किलो रेटा, म्हणजे पकड गुणांक ०.४९ लागेल. कोरडं डांबर ०.७ सहज देतं. ओलं डांबर ०.४ ते ०.५. शेवाळ किंवा वाळू असेल तर विषयच संपला.

आता ताकद. सव्वादहा किलो म्हणजे सुमारे १०० न्यूटन. ताशी ६ किलोमीटरने चढलात तर १७० वॉट. तुमचे हात ४०-५० वॉट देतील, उरलेले १२० मोटर देईल. २५० ची मोटर पुरून उरते. ताशी १० ने चढायचं म्हटलं तर २८० वॉट लागतील, मोटर तापेल आणि पकडीत काही फरक पडणार नाही.

सार : कोरड्यात चढाल, पावसात घसराल. वॉट वाढवून उपयोग नाही, पुढच्या चाकावर वजन वाढवा. बॅटरी खुर्चीखाली लावू नका, पुढच्या चिमट्यावर लावा. मोटर तिथेच आहे. जुना हब वजा करून ४ किलो वाढले तर लागणारी पकड ०.४३ वर येते. मांडीवरची ३ किलोची पिशवी पुढे अडकवली तर ०.३९.

तळकोकणी

वाहवा! 'पिशवी पुढे अडकवा' हे उत्तर इतक्या गणितातून निघेल असं वाटलं नव्हतं.

सोल्डरगन

@गणितवेडी +१. एक भर घालतो. लहान चाक इथे फायद्याचं आहे. ४० न्यूटन-मीटरची मोटर २६ इंची चाकात १२० न्यूटनच्या आसपास रेटा देते, १६ इंचीत २००. आणि २६ इंचीत ताशी ३२ ने पळणारी मोटर १६ इंचीत २० च्या वर जाणार नाही. म्हणजे हळू आणि जोरदार, हेच हवंय. गियरवाली मोटर घ्या, आत ग्रहमालेसारखे लहान गियर असतात ती. अडीच-तीन किलो भरते आणि मोटर बंद असताना मोकळी फिरते. बिनगियरची मोटर चढावर हळू चालवली की तापते.

आता माझा अनुभव, आणि कृपा करून हा भाग मनावर घ्या. माझ्या वडिलांच्या जोडणीचा चिमटा ॲल्युमिनियमचा होता. विकणारा म्हणाला, नटाखाली दातेरी वॉशर टाकला की झालं. मी टाकला. आठव्या दिवशी सोसायटीच्या रॅम्पवर बाबांनी थ्रॉटल दाबलं, मोटरचा आसच चिमट्यात फिरला, खाच रुंदावली, वायर पिळून तुटली आणि चाक बाहेर आलं. वेग माणूस चालतो तेवढा होता म्हणून बाबा पुढे वाकले, पडले नाहीत. रस्त्यात झालं असतं तर काय, हा विचार अजून येतो.

कारण साधं आहे. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते तेवढ्याच जोराने स्वतःच्या आसाला उलटं फिरवते. आस १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी घासून १० केलेला. त्या इवल्या खाचेवर साडेतीनशे-चारशे किलोचा दाब येतो. त्यासाठी टॉर्क आर्म लावायचा : आसावर घट्ट बसणारी पोलादी पट्टी, तिचं दुसरं टोक चिमट्याला बांधलेलं. पट्टी १० सेंटिमीटर लांब असली की तोच जोर दुसऱ्या टोकाला ४० किलोवर येतो. दोन्ही बाजूंना लावा. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात हब मोटर बसवूच नका.

पाना_पक्कड

सोल्डरगन यांनी लिहिलेलं प्रत्येक अक्षर खरं. टॉर्क आर्म ६ मिलिमीटरच्या पट्टीतून लेथवाल्याकडून कापून घ्या, खाच अशी की आसावर ठोकून बसली पाहिजे. आणि दर महिन्याला नट तपासा.

घाटवळण

मी उलट मत देतो. साताऱ्याच्या उतारासाठी बिनगियरची मोटर चांगली. उतारावर ती ब्रेकचं काम करते आणि बॅटरीत वीजही परत भरते. रिव्हर्सही मिळतो. आणि ५-६ किलोचं वजन पुढच्या चाकावर येतं, जे गणितवेडींना हवंच आहे.

गणितवेडी

@घाटवळण, वजनाचा मुद्दा बिनतोड. विजेचं मात्र बघा : समजा ५० मीटर उतरलात. ११० किलोला सगळी ऊर्जा मिळून १५ वॉट-तास. त्यातली अर्धी परत मिळाली तरी जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर. ब्रेकचे पॅड वाचतील, तो फायदा खरा.

चढता_रस्ता

@घाटवळण, अडचण अशी की जोडणी रोज दोनदा मीच उचलून खुर्चीला लावतो. आत्ता ती ११ किलो आहे. ६ किलोची मोटर आली तर ज्या खांद्यासाठी हे सगळं करतोय तोच खांदा उचलताना जाईल.

सोल्डरगन

म्हणून गियरवाली मोटर आणि सटकन निघणारी बॅटरी. जोडणी आधी लावायची, बॅटरी नंतर सरकवायची.

कलम_पान

कायद्याचं थोडं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २(यू) प्रमाणे मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर बॅटरीवरचं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. नोंदणी, लायसन, विमा नको. पण त्यात चाचणी संस्थेने हे पडताळलेलं असावं असंही आहे. पुण्यातली एआरएआय अशी एक संस्था. घरी बनवलेल्या वस्तूकडे तो कागद नसतो, हे लक्षात असू द्या, आणि मोटरवरची २५० वॉटची पट्टी व खरेदीची पावती जवळ ठेवा.

दुसरं, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ वाचा. दिव्यांगांना परवडणाऱ्या दरात स्वतः हिंडता-फिरता यावं यासाठी शासनाने योजना आखाव्यात आणि त्यात वाहनांमध्ये नंतर केलेले बदलही यावेत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही जे स्वखर्चाने करताय त्यासाठी योजना असणं हे शासनाचं कर्तव्य आहे. मी जिल्हा पातळीवर यासाठी अर्ज केला आहे आणि पाठपुरावा सोडणार नाही.

दूरदेशी

इंग्लंडमधून लिहितेय. इथे अशा वाहनांचे दोन वर्ग आहेत. फुटपाथवर ताशी ४ मैल, म्हणजे ६.४ किलोमीटर. रस्त्यावर ८ मैल, म्हणजे १२.९. माझ्या मुलाला सुरुवातीला हे फार कमी वाटायचं. एकदा वळणावर त्याची खुर्ची एका चाकावर उचलली गेली, तेव्हापासून तो स्वतःच १२ च्या वर जात नाही. वेगाची मर्यादा कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज मोजून देणाऱ्या डबीत) घालून घ्या, मनावर ठेवू नका.

गणितवेडी

दूरदेशी ताईंच्या अनुभवामागचं गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. पुढे एक चाक, मागे दोन. मागच्या चाकांतलं अंतर ६० सेंटिमीटर, पण भार थोडा पुढे असल्याने उलटण्याविरुद्ध आधार मिळतो तो ३० चा नाही, २१-२२ सेंटिमीटरचाच. उंची ६५. म्हणजे वजनाच्या एक तृतीयांश एवढा बाजूचा जोर आला की आतलं चाक उचलणार. ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १५ ला साधारण तेवढा जोर येतो. १२ ला बराच कमी, २३ टक्के. आपल्या गल्लीतली वळणं तर याहून आखूड असतात. पुढे वजन वाढवलं की चढाची पकड वाढते पण वळणावरचा आधार आणखी थोडा घटतो. म्हणून १२ ची मर्यादा आणि वळणाआधी वेग कमी. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवा.

तळकोकणी

थ्रॉटल कुठे बसवणार? हात तर पायडलवर गोल फिरतायत.

सोल्डरगन

लाखमोलाचा प्रश्न. फिरत्या पायडलवर वायर नेली की दहा फेऱ्यांत पिळून तुटते. तीन मार्ग आहेत. एक, मधल्या न फिरणाऱ्या दांडीवर अंगठ्याचं थ्रॉटल. त्यासाठी एक हात पायडलवरून काढावा लागतो. दोन, पायडलच्या आसावर चुंबकांचं कडं असलेला सेन्सर, म्हणजे पायडल फिरले की मोटर आपोआप मदत करते. पण ते थोडं फिरल्यावरच जागं होतं, चढावर थांबून पुन्हा निघताना नेमका तोच क्षण अडतो. तीन, दोन्ही लावा. निघताना थ्रॉटल, निघाल्यावर सेन्सर. मी तिसरा केला. आणि ब्रेकच्या मुठीत मोटरची वीज तोडणारा स्विच हवाच, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

कंट्रोलर, कनेक्टर पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. बॅटरी मात्र स्वस्तातली सुटी घेऊ नका. ३६ व्होल्टची लिथियम-आयन पूर्ण भरली की ४२ व्होल्ट दाखवते, ३० च्या खाली उतरू द्यायची नाही. हे सांभाळणारं सर्किट आत असलेली, पावती देणारी घ्या. चार्जिंग जागेपणी आणि दारापासून लांब. आग लागली तर इतर लोक दारातून पळतील, आपल्या माणसाला आधी खुर्चीत यावं लागेल.

दूरदेशी

बॅटरीवरून आठवलं. विमानाने नेणार असाल तर खुर्चीच्या काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला ३०० वॉट-तासांची मर्यादा असते. ३६ व्होल्ट १० अँपिअर-तास म्हणजे ३६०, बसत नाही. ७.८ ची घेतली तर २८०. विमान कंपनीला आधी कळवून ठेवा.

पणजीकर_दर्या

अवांतर : २०२३ च्या जानेवारीत आमच्याकडे पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा मांडवीकाठी इतक्या खुर्च्या, इतक्या जोडण्या एकत्र पाहिल्या की डोळे भरून आले. पण त्याच पणजीत आल्तिनोच्या चढावर एकटी खुर्ची अजून जाऊ शकत नाही. हा धागा वाचून वाटतंय, भावासाठी एक करून घ्यावी.

निळी_फाईल

चढाचं राहू द्या, पुण्यात फुटपाथच्या तोंडाशी दुचाकी येऊ नये म्हणून खांब रोवलेत, त्यातून खुर्ची जात नाही. ६०-६५ सेंटिमीटरची खुर्ची, मधली जागा त्याहून कमी. ९० सेंटिमीटर सोडले तर खुर्ची जाते. हे वॉर्ड ऑफिसात लेखी दिलं तर काही ठिकाणी खांब काढतात, आमच्या इथला एक काढला.

चढता_रस्ता

मंडळी, अडीच महिन्यांनी येतोय. काम झालं.

आधी पायडलची उंची फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासली. आस खांद्याच्या रेषेतच होता. तो साडेपाच सेंटिमीटर खाली घेतला आणि जोडणी थोडी जवळ आणली. तेवढ्याने दोन आठवड्यांत रात्रीचं दुखणं निम्मं कमी झालं. मोटर त्यानंतर.

१३५ ची गियरवाली मोटर, ३६ व्होल्ट २५० वॉट, कंट्रोलर १५ अँपिअरचा. बॅटरी ७.८ ची, चिमट्याच्या वर स्लाइडवर. टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना, उद्यमनगरातल्या एका कारागिराने कोल्हापुरात कापून दिले, पैसे घेताना मागेपुढे करत होता, मी आग्रहाने दिले. डिस्क ब्रेक नवा, दोन्ही ब्रेकच्या मुठींत स्विच. आरे नव्याने बांधून रिमचा आउट (वाकडेपणा) काढला. सगळे मिळून २४ हजार रुपये. वेग १२ ला बांधला.

वजनकाटा पुन्हा लावला : एकूण ११२, पुढे ३१. पिशवी पुढे अडकवून ३४.

पहिल्या दिवशी बोळात शिरलो तेव्हा रोज जिथे थांबून श्वास घ्यायचो ती पिंपळाची जागा आली. हात आपोआप थांबले आणि खुर्ची चालतच राहिली. वर पोचल्यावर आई दारात उभी होती. रोज ती मला खालून वर येताना बघते आणि तोंडाने काही बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, 'आज लवकर आलास.'

पावसात दोनदा घसरलं. एकदा शेवाळावर आणि एकदा गतिरोधकाच्या पांढऱ्या पट्ट्यावर. दोन्ही वेळा थ्रॉटल सोडून, अंग पुढे टाकून, हाताने हळू ओढल्यावर निघालो. एकदम जोर दिला की घसरतं, हळूहळू दिला की धरतं. पुढचा टायर थोडा रुंद घेतला आणि हवा ५० वरून ३५ पीएसआयवर आणली, त्यानेही फरक पडला. जोराच्या पावसात बोळाच्या तोंडाशी थांबतो आणि शेजारचा मुलगा हात लावतो. ते तेवढं राहिलंय.

हातांची_सायकल, तुमचं वाक्य मी दांडीवर चिकटवलंय. मोठ्या रस्त्यावर मोटर बंदच असते.

हातांची_सायकल

वाचून फार आनंद झाला. पुढच्या महिन्यात साताऱ्यात येतोय, बोळ दाखवा.

पाना_पक्कड

उत्तम काम. उतार उतरल्यावर डिस्कला हात लावू नका, चटका बसेल. ब्रेक सलग दाबून ठेवण्याऐवजी दाबा-सोडा, दाबा-सोडा असे उतरा. पॅड दीड मिलिमीटरवर आले की बदला, वाट बघू नका.

सोल्डरगन

कनेक्टरांत ग्रीस भरलं का? आणि मोटरची वायर आसातून बाहेर येते तिथे खाली एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळून आत न जाता खाली गळेल.

चढता_रस्ता

वळसा ठेवलाय. ग्रीस राहिलंय, या रविवारी भरतो.

उंबरठा

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. माझा भाऊ कराडला असतो, टी-१२, सहा वर्षं घराबाहेर फारसा गेलेला नाही. हँडसायकल त्याने कधी चालवलेली नाही. त्याला तुमची एकदा बघता येईल का? विकत घेण्याआधी त्याचं मन तयार होतंय का ते बघायचंय.

चढता_रस्ता

ताई, नक्की या. नुसती बघायची कशाला, त्याच्याच खुर्चीला लावून देतो. सकाळी सातला आमच्याकडे रस्ता मोकळा असतो. मी दुसऱ्या खुर्चीत बरोबर येईन, पहिल्या दिवशी मोटर बंद ठेवू, नुसते हात. फक्त येण्याआधी त्याच्या खुर्चीच्या पुढच्या नळीची जाडी मोजून कळवा. माझा क्लॅम्प २५ ते ३२ मिलिमीटरला बसतो. कमी असेल तर रबराची पट्टी आणून ठेवतो.